कसबा ते कसबा : बोपदेव घाटानं वर, दिवे घाटानं खाली, सायकलवाल्यांसाठी पासष्ट किलोमीटरची फेरी

सासवड, वार्ताहर : पुण्यातून सायकलवर येणारी माणसं आता आमच्या तालुक्याला नवीन राहिलेली नाहीत. रविवारी सकाळी बोपदेव घाटाच्या माथ्यावर दुधाच्या गाड्यांच्या बरोबरीनं सायकली दिसतात. चहाच्या टपरीवर त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. सासवड अजून किती? दिवे घाटातला रस्ता चालू आहे का? मल्हारगडाला कुठून जायचं? आणि हंगाम असला तर, ही सीताफळं तोडली तर चालतील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. चालणार नाहीत. बाकीच्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत म्हणून हा मजकूर.

फेरी अशी आहे. कसबा पेठेतून निघायचं, कोंढवा आणि येवलेवाडीमार्गे बोपदेव घाट चढायचा, भिवरी, बोपगाव, चांबळी, हिवरे करत सासवडला यायचं. परतताना दिवे घाटानं वडकीला उतरायचं आणि हडपसरवरून पुन्हा कसब्यात. एकूण साठ ते पासष्ट किलोमीटर होतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, सासवड त्याहून साधारण दोनशे मीटर उंचावर, आणि मधला बोपदेवचा माथा सासवडहूनही वर. म्हणजे खरा चढ एकच, पण तो दमवणारा आहे. रोज वीस किलोमीटर सायकल मारणाऱ्याला ही फेरी झेपते. गिअरची सायकल असेल तर चढ बसून होतो, साधी असेल तर घाटात दोन-तीन ठिकाणी उतरून ढकलावी लागेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आमची आख्खी पिढी ढकलतच चढली.

काही जण ही फेरी उलटी करतात, दिवे घाट चढून बोपदेवनं उतरतात. माझं मत त्याच्या विरोधात आहे. चढताना सायकल हळू चालते आणि हळू सायकलला सगळ्यात मोठा धोका मागून येणाऱ्या जड गाडीचा. ट्रक, एसटी, उसाच्या गाड्या हे सगळं दिवे घाटात जास्त. बोपदेव चढायला अवघड असला तरी सकाळी तिथं मोठी वाहनं कमी असतात.

कसब्यातून निघताना

कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ. कसबा गणपती पुण्याचं ग्रामदैवत, त्याची स्थापना जिजाऊंनी केली असं मानलं जातं, आणि विसर्जन मिरवणुकीत मानाचा पहिला गणपती हाच. जवळच लालमहाल आहे. आज दिसते ती इमारत महापालिकेनं अलीकडे बांधलेली, मूळ वाडा राहिला नाही. शाहिस्तेखानावर शिवाजी महाराजांनी छापा घातला तो १६६३ मध्ये, तो याच जागी. पुढं शनिवारवाडा. त्याची पायाभरणी १७३० ची आणि वास्तुशांत १७३२ ची. तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ऐकायचा असेल तर तो दिवसा, पहाटे निघणाऱ्याला नुसती बंद दारं दिसणार.

शनिवारवाड्यापाशी एक गोष्ट लक्षात ठेवून निघा, पुढं तिचा संबंध येणार आहे. या वाड्याला आणि आसपासच्या पेठांमधल्या हौदांना पाणी यायचं कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. उतारावर आपसूक वाहत येणारं पाणी, पंप नाही की मोटर नाही. शहराला पाणी बाहेरून आणायची सवय तेव्हापासूनची आहे.

साडेपाचला निघावं. शिवाजी रस्ता स्वारगेटच्या दिशेनं एकेरीच आहे, त्यामुळं समोरून कोणी येत नाही. स्वारगेट, मार्केट यार्ड, गंगाधाम चौक, कोंढवा बुद्रुक असा रस्ता धरा. मार्केट यार्डापाशी आमच्या भागातले टेम्पो माल उतरवून परत फिरताना भेटतील. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, त्याच्या डाव्या बाजूनं घुसू नका. कोंढवा ते येवलेवाडी हा सगळ्या फेरीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग. धूळ, खड्डे, बांधकामाचे डंपर. सात वाजायच्या आत इथून पार झालेलं बरं.

बोपदेव घाट आणि माथा

येवलेवाडी सुटली की चढ लागतो. सुरुवातीलाच जोर लावू नका, वरची वळणं जास्त उभी आहेत. वर आल्यावर मागं बघितलं की पुणे दिसतं आणि सकाळी त्यावर धुरकट थर बसलेला असतो. फोटो सगळे इथंच काढतात. काढा, पण रस्त्यावर सायकल आडवी टाकून नको.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. या घाटात अंधार पडल्यावर थांबू नये. लुटालुटीचे आणि त्याहून वाईट गुन्हे इथं घडलेले आहेत, २०२४ च्या ऑक्टोबरातला प्रकार सगळ्यांच्या लक्षात आहे. एकट्यानं यायचंच तर उजाडल्यावर चढा, शक्यतो तिघं-चौघं मिळून या. रहदारी असते ती रस्त्यावर, बाजूच्या झाडीत आणि आडवाटेला कोणी नसतं.

माथ्यावर भिवरी आणि बोपगाव. भिवरी आणि भिवडी यांत गल्लत करू नका, नकाशा बघणाऱ्यांची नेहमी होते. भिवडी हे उमाजी नाईकांचं गाव, ते सासवडच्या पलीकडं पुरंदर किल्ल्याच्या बाजूला आहे. बोपगावातून कानिफनाथ गडावर रस्ता जातो. देवळाच्या गाभाऱ्यात शिरायला लहानसं तोंड आहे, अंगरखा काढून सरपटत आत जावं लागतं. सायकल घेऊन गडावर जायचं असेल तर आणखी एक जबर चढ आहे. बहुतेक जण रस्त्यावरूनच हात जोडतात.

कानिफनाथच्या आसपास डोंगरउतारावर वनखात्याची जमीन आहे आणि तिच्याखाली, गावांच्या भोवती, गवताळ माळ. शहरातली माणसं या माळाला पडीक म्हणतात. तो पडीक नाही. लांडगा, कोल्हा, तरस, ससे याच माळावर राहतात, धनगरांची मेंढरं याच्यावर जगतात आणि पावसाळ्यात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी याच गवतात असतात. म्हणून सायकल घेऊन माळात घुसायची हौस जून ते सप्टेंबर तरी आवरा. चंडोलाचं घरटं चाकाखाली गेलेलं तुम्हाला कळणारही नाही. डिसेंबरनंतर गवत वाळतं, तेव्हा विडी-सिगारेटचं थोटूक टाकलं की डोंगर पेटतो. वणवा लागला की विझवायला पहिल्यांदा धावतात ती गावातलीच पोरं, हातात ओल्या फांद्या घेऊन.

चांबळी, हिवरे हा उतार आणि सपाटीचा रस्ता, सगळ्या फेरीतला सगळ्यात गोड. दोन्ही बाजूंना सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंजिराचा मीठा बहार उन्हाळ्यात येतो, सीताफळ पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढंपर्यंत, आणि श्रावण-भाद्रपदात वाटाणा. वाटाण्याच्या दिवसांत शेतात आणि रस्त्याकडेला पोती भरताना माणसं दिसतील. विकत मागा, मिळेल, तेही मार्केट यार्डाच्या भावापेक्षा स्वस्त. कुंपणातून हात घालू नका. झाडावर पिकत आलेलं सीताफळ दाबून बघितलं की ते तिथंच काळं पडतं, मग ते ना तुमचं ना माझं.

सासवड : कऱ्हेकाठचं गाव

सासवडला पोचायला कसब्यातून दोन ते अडीच तास लागतात. इथं किमान दीड तास ठेवा. बरेच सायकलवाले मिसळ खाऊन माघारी वळतात, ते मला पटत नाही.

कऱ्हा नदीच्या काठानं गाव वसलंय. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्या चढून वर जायचं, दगडी बांधणी आणि समोर मोठा नंदी. नारायणपूरच्या बाजूला थोडं गेलं की चांगावटेश्वर, चांगदेवाच्या नावाचं. दोन्ही देवळं शांत आहेत आणि सकाळी गर्दी नसते. गावात संत सोपानदेवांची समाधी आहे, आषाढीला सोपानकाकांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून येते आणि सासवडला दोन मुक्काम करते. त्या दिवसांत ही फेरी करायचीच नाही, घाट वाहनांना बंद असतो. चालत मात्र या.

पेशवाईशी सासवडचं नातं पुण्याहून जुनं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये इथंच वारले. त्यांचे सोबती पुरंदरे, त्यांचा वाडा गावात उभा आहे. दरवाजा बघितला की शनिवारवाड्याची आठवण होते. १८१८ मध्ये आतल्या शिबंदीनं हा वाडा लढवला आणि इंग्रजांना तो तोफा लावून घ्यावा लागला. आज भिंती उभ्या आहेत, आत पडझड आहे. वाडा खासगी आहे, विचारून आत जावं.

आचार्य अत्रे याच भागातले. जन्म १३ ऑगस्ट १८९८, गाव कोडीत. त्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं. आजच्या वाचकाला त्यातला उपरोध कदाचित कळणार नाही, पण कऱ्हेला पाणी असतं किती महिने, हे सासवडच्या पुलावर उन्हाळ्यात उभं राहून बघा. आमचा तालुका सह्याद्रीच्या आडोशाला पडतो. ढग पश्चिमेकडं रिकामे होतात, इथं येतो तो उरलासुरला पाऊस. गराडे धरण भरलं की सासवडकर खूश, कऱ्हेवरचं जेजुरीजवळचं नाझरे भरलं की खालची गावं खूश. दोन्ही भरली असं दरवर्षी होत नाही.

आता शनिवारवाड्याची गोष्ट आठवा. कात्रजचं पाणी पुण्याला गेलं, पुढं खडकवासल्याचं गेलं. आणि आम्हाला जे मिळतं ते पुणं वापरून झाल्यावरचं. पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी मुळा-मुठेतून कोरेगाव मूळपाशी उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं मोठ्या पंपांनी वर आणलं जातं. त्यातलं पाणी पुरंदरबरोबर दौंड, बारामतीकडंही जातं. पैसे भरल्यावर पाणी सुटतं. त्या पाण्यावर बागा टिकल्या हे खरं, मी नाकारत नाही. दुष्काळात फळझाड जगवायला ते अमृतासारखं वाटतं. पण नदीत शहराचं सांडपाणी किती सोडलं जातं त्यावर त्याचा वास आणि रंग ठरतो. कसब्यात सकाळी बादलीभर पाणी सांडलं तर ते फिरून माझ्या चुलतभावाच्या अंजिराच्या बुडाशी येतं, असा हा हिशोब. सायकलवर साठ किलोमीटर फिरलं की तो हिशोब नकाशापेक्षा चांगला कळतो, म्हणून इथं लिहिला.

सोनोरी आणि मल्हारगड

दम उरला असेल तर सासवडहून सोनोरी सहा किलोमीटर. सोनोरी हे पानसे सरदारांचं गाव, पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख. गावात त्यांची गढी आहे. गावाच्या डोक्यावर मल्हारगड, १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला असं सांगितलं जातं. दिवे घाटावर नजर ठेवायला तो बांधला. किल्ला लहान आहे, तासाभरात बघून होतो. तटबंदी बरी आहे, वर खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन छोटी देवळं, आणि समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी दिसते. पुरंदरवर मुरारबाजी लढले आणि १६६५ च्या जूनमध्ये मिर्झाराजांबरोबर तह झाला, ते सगळं रान इथून एका नजरेत येतं.

सायकल पायथ्याला लावून वर चालत जायचं. कुलूप न्या. एप्रिल-मेमध्ये दहा वाजल्यानंतर चढू नका, वर सावली नाही. या फाट्यानं फेरीत बारा-चौदा किलोमीटर आणि दोन तास वाढतात.

सासवडच्या दुसऱ्या अंगाला वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी ही सात गावं आहेत. पेपरात नावं वाचली असतील. प्रस्तावित विमानतळ याच गावांच्या जमिनीवर दाखवला आहे. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. या बाजूचे रस्ते सपाट आणि कमी रहदारीचे, सायकलला उत्तम, पण मी ते या फेरीत मुद्दाम धरलेले नाहीत. काही वर्षांपासून या गावांत परका माणूस कॅमेरा घेऊन बांधावर उभा राहिला की लोकांना मोजणीवाला वाटतो. जायचं असेल तर जा, पण आधी पारावर थांबून कोण, कुठले ते सांगा. ड्रोन उडवू नका. विरोध करणारे आणि मोबदल्याचा आकडा विचारणारे एकाच घरात सापडतील, त्यामुळं चहा पिताना मत मांडायची घाई करू नये. बागा अजून उभ्या आहेत, त्या बघण्यासारख्या आहेत.

दिवे घाट

सासवडहून झेंडेवाडी, दिवे करत रस्ता घाटमाथ्यावर येतो. हा पालखी महामार्ग. घाटात रुंदीकरणाचं काम काढलेलं आहे, सुरुंग लावायचा असला की वाहतूक थोपवून धरतात किंवा वळवतात. निघायच्या आदल्या दिवशी घाटाची बातमी बघा. बंद असेल तर आल्या वाटेनं बोपदेवनंच उतरावं.

घाट उतरायला चार-पाच किलोमीटर आहे आणि उतार सायकलला सुसाट नेतो. बारावीत असताना मी बावीस इंची सायकलवर वाटाण्याचं पोतं बांधून हा घाट उतरलो होतो. निम्म्यात मागच्या ब्रेकचं रबर गेलं. चप्पल चाकाला घासत घासत शेवटी डोंगराकडच्या गटारात सायकल घातली तेव्हा थांबलो. पोतं फुटलं, वाटाणा घाटभर. म्हणून सांगतो, माथ्यावर थांबून दोन्ही ब्रेक तपासा. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. खडी सांडलेली असते, वळणावर वाकू नका.

खाली डाव्या-उजव्या वळणांतून मस्तानी तलाव दिसतो, वडकी गावच्या हद्दीत. पेशवेकालीन दगडी बांधणी, पायऱ्या अजून शाबूत आहेत. पावसाळ्यानंतर भरलेला असतो, उन्हाळ्यात तळ दिसतो. खाली उतरून काठावर बसता येतं, पण पाण्यात उतरू नये.

वडकीनंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी. कांदा करणाऱ्याला फुरसुंगीचं नाव सांगावं लागत नाही, गावरान फुरसुंगी कांद्याचं बी लांबलांब जातं. शहराला मात्र ही दोन गावं माहीत झाली ती कचरा डेपोमुळं. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा इथं आला, विहिरींचं पाणी खराब झालं, आंदोलनं झाली. २०१७ मध्ये गावं महापालिकेत घेतली, पुढं बाहेर काढून २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद केली. वाऱ्याची दिशा असेल त्याप्रमाणे नाकाला कळेल.

भेकराईनगर ते हडपसर गर्दी ठरलेली. साडेदहाच्या आत इथं पोचलात तर ठीक, नाहीतर उड्डाणपुलाखालून सायकल हातात धरून चालावं. हडपसर, पुलगेट, नाना पेठ आणि परत कसबा.

काय न्यावं, कधी यावं

सगळ्यात चांगले महिने सप्टेंबर ते फेब्रुवारी. जुलैत हिरवं असतं, पण घाटात धुकं आणि दरडीचे दगड. मागचा लाल दिवा आणि हेल्मेट हवंच. दोन लिटर पाणी, एक ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप. येवलेवाडी सोडल्यावर सासवडपर्यंत गिअरच्या सायकलचं काम करणारा भेटेलच असं नाही. पंक्चरवाला मोटरसायकलचा असतो, तो हवा भरून देईल. रोख पैसे थोडे ठेवा, बांधावर बसलेल्या आजीकडं स्कॅन करायला काही नसतं. माघारी जाताना प्लॅस्टिकची बाटली बरोबर न्या, ती इथं टाकली तरी शेवटी उरुळीलाच पोचते.

ज्यांना ही फेरी कमी वाटते त्यांनी दोन दिवस काढावेत. सासवडहून जेजुरी सतरा किलोमीटर, तिथून मोरगाव तेवढंच. पुढं सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा बघायला यासारखी सोपी जागा जिल्ह्यात दुसरी नाही. सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर कळप बाहेर असतात. सायकल नाक्यावर लावून आत कसं जायचं ते वनरक्षकाला विचारा, आणि चिंकारा दिसला तर जागेवर थांबा. तो आधी पळतो, मग थोड्या अंतरावर उभा राहून मागं वळून बघतो. फोटो तेव्हा मिळतो.